रंभाबाईचा सडा

मशीनच्या पोटातून आधी कण्हल्यासारखा आवाज आला, मग धूर आला, आणि मग काहीच आलं नाही.

ऑफिसातली सगळी मंडळी खुर्च्या सोडून उठली. नागपूरहून आलेला एजंट टाय खांद्यावर टाकून जमिनीवर उकिडवा बसला आणि त्यानं मशीनची कापडी पिशवी उघडली. आत धूळ नव्हती, काळा चकचकीत चिखल होता. त्यानं तो चिमटीत धरला आणि मान वर केली.

"पाणी! इथं पाणी कोणी टाकलं?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात रंभाबाई उभी होती. एका हातात बादली, दुसऱ्या हातात तांब्या.

"मीनं टाकलं," ती म्हणाली. "सडा. काऊन जी?"

आता हे मशीन कुठून आलं ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, गुणवंतराव नेहमीसारखं मधूनच सुरू करतो. माजरीजवळच्या एका खाणीत मी स्टोअरकीपर होतो. आमचं ऑफिस म्हणजे टिनाचा एक लांबलचक गाळा. एका टोकाला हजेरीवाले, मध्ये पगारवाले, पलीकडे नकाशेवाले आणि शेवटी दवाखाना. बँडेज बांधून निघालेला माणूस पगारवाल्याच्या टेबलाला टेकूनच बाहेर पडायचा. दिवसभर माणसांची ये-जा, आणि माणसागणिक आत येणारी कोळशाची भुकटी. सकाळी टेबल पुसावं आणि दुपारी त्यावर बोटानं आपलं नाव लिहावं. मी दुसऱ्यांची लिहायचो, आणि नुसती नावंच लिहायचो असंही नाही.

त्या हिवाळ्यात कंपनीचे मोठे साहेब आले. पांढरी फटफटीत पँट. पाच मिनिटं खुर्चीवर बसले आणि उठले, तेव्हा मागे दोन काळे पौर्णिमेचे चंद्र उगवलेले. मी दवाखान्यात जाऊन पोट धरून हसलो. आमचे मॅनेजर देवस्थळी साहेब मात्र हसले नाहीत. पुण्याकडचा माणूस, अपमान जपून ठेवणारा. त्यांनी नागपूरला कळवलं की धूळ ओढणारं विजेचं मशीन पाहिजे. वीज आमच्याकडे होती, खाणीचं स्वतःचं पॉवर हाऊस होतं. दोन मशीनवाले एकाच दिवशी बोलावले. साहेबांची अट एकच.

"मला शोभेची वस्तू नको. इथं रोज शंभर पाय फिरतात. या गाळ्यात जे टिकेल ते घेऊ."

मशीन येणार हे कळलं आणि रंभाबाई माझ्या स्टोअरच्या दाराशी येऊन बसली. ही आमची झाडूवाली. मूल गावाकडची, तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली. नवरा मनसाराम आमच्याच खाणीत कोळसा भरायचा. खोकता खोकता गेला. मग कंपनीनं तिच्या हातात झाडू दिला आणि मजुरांच्या लाइनीतली खोली राहू दिली. काम होतं तोवर खोली होती.

"भाऊ, मशीन आल्यावर मले काढतीन का?"

"मशीनले हात हायेत का बाई? त्याले कोनीतरी ढकलाच लागते."

"ते पॉवर हाऊसचा पोट्टा ढकलन. मी कुठी जाऊ? मूलले भावाच्या घरी जागा नाई. भावजय तं मले पाहूनच चूल इझवते."

मी काहीतरी थट्टा करून तिला घालवलं. पण ती गेल्यावर त्या थट्टेचं मलाच हसू आलं नाही.

तर त्या दिवशी सकाळी टायवाला आला. त्याचं मशीन लांबुळकं, निळं, चाकांवर पळणारं, दिसायला एकदम नवरी. रंभाबाईला कोणीतरी सांगितलं, "मशीन चालू व्हायच्या आधी सारं तयार करून ठेव." आता आमच्याकडे झाडायच्या आधी तयारी म्हणजे काय? सडा. कोरडं कोण झाडतो? आधी पाणी शिंपडायचं, धूळ बसवायची, मग झाडू. तिच्या आईनं तेच केलं, आजीनं तेच केलं. मशीन म्हणजे विजेचा झाडू, एवढंच तिला कळलेलं. तेव्हा विजेच्या झाडूसाठीही तिनं तेवढ्याच मायेनं सडा टाकला.

टायवाल्याला ते दिसायला हवं होतं. पण तेव्हा तो माझ्यासोबत चहा पीत होता आणि मी त्याला आमच्या पंपाच्या खोलीत बसणाऱ्या वाघाची गोष्ट सांगत होतो. गोष्ट रंगली. आम्ही परत आलो तेव्हा काळ्या जमिनीवर काळं ओलं त्या अंधाऱ्या गाळ्यात कोणाला दिसणार?

"मोटर जळून गेली साब!" टायवाला ओरडत होता. "ह्या बाईनं सत्यानाश केला! इसको समझता नहीं क्या?"

रंभाबाईनं बादली हळूच खाली ठेवली. देवस्थळी साहेब तिच्याकडे वळले. आवाज चढवला नाही, आणि तेच वाईट.

"रंभाबाई, तुम्हाला हे काम आता झेपत नाही. उद्यापासून..."

"साहेब, मीच सांगतलं होतं तिले," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. सगळा गाळा माझ्याकडे पाहायला लागला. रंभाबाईसुद्धा.

"तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"हाव जी. तुमीच म्हनले ना, टिकाऊ पाहिजे म्हनून? मंग पारख नको का कराले? पावसाळ्यात हे टिन गळते. मजूर चिखलाचे पाय घेऊन येतेत. दवाखान्यातून तं काय काय सांडते, ते सांगतही नाई. कोरड्या जमिनीवर कोनतंही मशीन पळते साहेब. मी म्हनलो, रंभाबाई, रोजच्यासारखा सडा टाक, पाहू गडी कितीक पान्यात हाये."

टायवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. मला माझाच अभिमान वाटला. पण देवस्थळी साहेब माझ्याकडे पाहत राहिले, आणि त्या नजरेत पंपाच्या खोलीतला वाघ होता. गेल्या वर्षी मी त्यांनाही तो वाघ दाखवला होता. साहेब अर्धी दुपार छपरावर बसून होते. शेवटी वाघाला वारा लागला आणि तो पोत्यासारखा फडफडला, कारण तो पोतंच होता.

"गुणवंतराव," साहेब सावकाश म्हणाले, "तुमच्या शब्दाची किंमत मला माहीत आहे. दुसरं मशीन आलंय ना? त्याच्यावरही हीच परीक्षा घ्या. माझ्यासमोर. पाणी सोसणारं मशीन जगात असेल, तर तुमची परीक्षा खरी. तेही बंद पडलं, तर तुम्ही मला पुन्हा वाघ दाखवलात. मग तुम्ही आणि रंभाबाई, दोघंही सामान बांधा."

मी "हाव जी" म्हणालो. पाय मात्र "नाई जी" म्हणत होते.

दुसरं मशीन बाहेर बैलबंडीवर होतं. मशीन कसलं, पत्र्याचा ढोल! वर मोटर बसवलेली, बाजूनं जाड नळी, एक चाक वाकडं. सोबत वरोऱ्याचे नानाजी, कापसाच्या जिनिंगची मशीनं दुरुस्त करत म्हातारे झालेले. तंबाखू मळत बसले होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"नानाजी, हा तुमचा ढोल पानी सोसते ना जी?"

"मले काय मालूम?"

"तुमी इकून राह्यले ना बाप्पा!"

"इकून राह्यलो. पान्यात कोन घालते त्याले? मोटर वर हाये, कचरा खाली पडते. थोडंबहुत ओलं चालन म्हनतो मी."

"थोडं म्हंजे कितीक?"

नानाजींनी तंबाखू तोंडात टाकली आणि आभाळाकडे पाहिलं. देवाशप्पथ सांगतो, आयुष्यात लोकांना एवढं घाबरवलं, पण कोणी मला असं घाबरवलं नव्हतं.

ढोल आत आणला. साहेब खुर्ची टाकून समोरच बसले. टायवाला गेला नव्हता, गंमत बघायला थांबला होता. साहेबांनी हात केला.

"रंभाबाई, टाका सडा. रोज टाकता तसाच."

मी तिच्या कानाशी गेलो. "बाई, जरासाच टाक. थेंब थेंब."

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मागे सरलो. "रोजच्यासारखा म्हनलं ना साहेबानं? मंग रोजच्यासारखाच टाकन. तुमच्यावानी लबाडी मले जमत नाई, भाऊ."

"अवं, तुझ्याचसाठी..."

"सरका बाजूले."

पदर खोचला, तांब्या बुडवला, आणि मनगटाच्या एका झटक्यात पाण्याचा पंखा उघडला. बारीक, सारखा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. टेबलाच्या पायाला थेंब नाही, माणसाच्या पायाला थेंब नाही. मग दुसरा तांब्या. मग तिसरा. मी मनात म्हणालो, संपलं. आता मीही मूलच्या तळ्यावर मासे धरणार, आणि हिची भावजय माझीही चूल विझवणार.

नानाजींनी बटण दाबलं. ढोल असा गरजला की दवाखान्यातला पेशंट खाटेवर उठून बसला. नळी जमिनीवरून फिरायला लागली. सरसर आवाज, मग घळघळ आवाज, गुळण्या केल्यासारखा. ढोल हलायला लागला. आणि गाळ्याच्या मधोमध, साहेबांच्या बुटापासून हातभर अंतरावर, गप्प झाला.

टायवाला पहिल्यांदा हसला. रंभाबाईनं डोळे मिटून घेतले.

"थांबा जी, घाई नोका करू," नानाजी म्हणाले. त्यांनी नळीचं तोंड वर केलं, आत बोट घातलं आणि चिखलानं माखलेलं विड्यांचं बंडल बाहेर काढलं. पगारवाल्यानं हळूच खिसा चाचपला. नानाजींनी ढोलाच्या बुडाला एक लाथ घातली आणि पुन्हा बटण दाबलं.

ढोल गरजला. असा गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही. बँड नाही, शहनाई नाही, काही नाही.

गाळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ढोल गेला. साहेब उठले, पांढरा रुमाल काढून जमिनीवर घासला आणि उजेडात धरला. मग घडी करून खिशात ठेवला.

"हे घेऊ," ते म्हणाले. माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, "परीक्षा बरी होती, गुणवंतराव. खरी होती की नाही, ते मी विचारत नाही."

मी इतका मोठा श्वास सोडला की पगारवाल्याचे कागद उडाले. टायवाल्यानं आपली निळी नवरी चादरीत गुंडाळली आणि स्टेशनकडे निघाला. जाताना मी त्याला पंपाच्या खोलीपासून दूरनं जायला सांगितलं, आणि तो खरंच दूरनं गेला.

"आता हे चालवायला पॉवर हाऊसचा माणूस..." साहेब म्हणायला लागले.

"साहेब," नानाजी म्हणाले, "चालवनं सोपं हाये. पन रोज बुडातला गाळ उपसा लागते, आतलं फडकं हातानं धुवा लागते."

दारात उभा असलेला पॉवर हाऊसचा फिटर तिथून असा सटकला की दार हलत राहिलं. साहेबांनी त्या हलत्या दाराकडे पाहिलं, मग रंभाबाईकडे.

"जमेल तुम्हाला?"

"जमन जी. फकस्त एक सांगा. पानी टाकाचं का नाई टाकाचं?"

"नाही टाकायचं!" सगळा गाळा एका सुरात ओरडला.

रंभाबाई पहिल्यांदा हसली. पुढचे दोन दात नव्हते तिला, नावानं रंभा. ती हसली आणि मग तिथंच खाली बसली. मी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या धरला.

"पे," मी म्हणालो. "टाकू नोको."

दुसऱ्या दिवसापासून ढोल तिचा झाला. सकाळी दाराबाहेरच्या मातीवर ती सडा टाकायची, उंबरठ्यापाशी तांब्या ठेवायची आणि आत कोरडीच शिरायची. संध्याकाळी ऑफिस सुटलं की ढोल मागच्या बाजूला ढकलत न्यायची आणि रिकामा करायची.

पहिल्या संध्याकाळी मी गंमत बघायला मागे गेलो. एक थट्टाही तयार करून ठेवली होती. तिनं ढोल उलटा केला. काळी, बारीक, पिठासारखी भुकटी भसकन खाली आली आणि घोट्याएवढा ढीग झाला. रंभाबाई त्याच्यापाशी उकिडवी बसली.

"भाऊ, हे एका दिवसाचं?"

"हाव."

"अन् इतले वर्षं मी झाडू मारे तं धुरळा उठे. सारं थोडीच झाडूत येये." तिनं भुकटी मुठीत घेतली, बोटांतून सोडली. "हेच तं खाली खानीत मनसाराम दिवसभर भरे. मंग हे जाये कुठी, भाऊ?"

मला मनसारामचा खोकला आठवला. तयार ठेवलेली थट्टा मी काढलीच नाही.

वारा सुटला होता. ढिगाच्या टोकावरून भुकटी उडायला लागली. रंभाबाई उठली, उंबरठ्यावरचा तांब्या घेऊन आली आणि त्या ढिगावर तिनं पाणी शिंपडलं. हळू, सारखं, एकही थेंब बाहेर न जाऊ देता.