निळं दार

खूण सांगणं ही माझी जुनी खोड. सत्तावीस वर्षं समाजसेवेच्या ऑफिसची गाडी चालवली, नुसत्या पत्त्यावर घर कधी सापडलं नाही. म्हणून भेट संपली की मी स्टिअरिंगवरून ओरडायचो, "ताई, खूण लिहा! उद्या मी मेलो तर नवा ड्रायव्हर काय वास घेत फिरणार?"

ताई म्हणजे आमची केसवर्कर, माझ्या लेकीच्या वयाची. हसायची आणि फोनात लिहायची. त्या दिवशी लिहिलं: निळं दार, शिलाईवालीच्या शेजारी, बाहेर मोडकी सायकल.

त्या दारामागे भिंगरी होती, सहा वर्षांची, आणि तिची आई. आईचा हात नवऱ्यानं दोन ठिकाणी मोडलेला. ताईनं त्यांना तिथं लपवलं होतं.

पूर्वी नोंदी कपाटात असायच्या, किल्ली साहेबाकडे. साहेबाला वाटलं तर फाईल गायब. आता कपाटच गेलं. ज्याची नोंद त्याच्या फोनात, शिवाय आणखी चाळीस ठिकाणी, मालक कोणीच नाही. चांगलंच होतं की! पण घाईत ताईनं खूण आईच्या पानावर नाही, पोरीच्या पानावर लिहिली. आणि पोरीचं पान पालक म्हणून बापाच्या फोनातही जातं.

दोन दिवसांनी सकाळी ताईच्या लक्षात आलं. तोंड पांढरंफटक.

"खोडा की मग!"

"खोडता येत नाही, काका. खाली नवी ओळ लिहिता येते फक्त."

"कॉम्प्युटरवाल्याला धरा."

"कुठल्या? ते कोणा एकाकडे नाहीच."

पोलीस म्हणाले, तो आला की कळवा. ऑफिसात आणावं तर तो आधी ऑफिसच गाठणार. दुसऱ्या खोलीची किल्ली संध्याकाळी मिळणार होती, आणि पोर तापानं फणफणलेली, गाडीत घालून हिंडवायची तरी किती? ताई किल्लीमागे पळाली. मी दारापाशी बसलो.

बसल्या बसल्या डोक्यात किडा वळवळला. लिहिलेलं खोडता येत नाही ना? मग दारच खोडू. ऑफिसच्या खिडक्यांचा उरलेला राखाडी रंग गाडीत पडून होता. सायकल ओढत गल्लीच्या टोकाला नेऊन टाकली आणि ब्रश घेतला.

"काय काका, नोकरी गेली वाटतं?" शिलाईवाली मशीनवरून म्हणाली.

"तुझ्या दाराला पण फासू का?"

खिडकीतून भिंगरी बघत होती. "आजोबा, निळंच छान होतं."

"गप गं, झोप जा!"

तीन वाजता तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. गल्लीतून दोनदा गेला, मग माझ्यापाशी थांबला.

"काका, निळं दार कुठलं हो इथं?" आवाज असा की साखर विरघळावी.

"निळं? नाही बुवा. पलीकडच्या गल्लीत बघा."

"बरं, आभारी आहे." चार पावलं गेलाही. माझा जीव भांड्यात पडतोय, तोच वळला. हवेत वास घेतला. माझ्या हाताकडे बघितलं. बोटांपासून कोपरापर्यंत राखाडी. अख्ख्या गल्लीत ओला रंग एकाच दाराला होता.

मी आडवा उभा राहिलो. त्यानं मला ढकललंसुद्धा नाही. नुसती हाक मारली, "भिंगरे, बाबा आलाय."

आतून कडी वाजली. आई ओरडली, पण पोर धावलीच. बापच तो. त्यानं तिला कडेवर घेतलं, कपाळाला हात लावला. "अगं बाई, किती ताप!"

आई दारात आली. मी फोन काढला.

"नको काका," ती म्हणाली. "पोर त्याच्याकडे आहे."

आणि प्लॅस्टरचा हात धरून त्याच्यामागून निघाली. चप्पलसुद्धा घातली नाही. शिलाईवालीचं मशीन थांबलं होतं. मी तसाच उभा, हातात ब्रश.

पोलीस गेले त्याच्या घरी. आई उंबऱ्यात येऊन म्हणाली, मी आपणहून आले. ते परतले.

सकाळी ताईनं फोन माझ्यापुढे धरला. पोरीच्या पानावर बापानं नवी ओळ लिहिली होती: कुटुंब एकत्र आलं. मदतीची गरज नाही.

ताईनं खाली सगळं लिहिलं, दोन ठिकाणी मोडलेल्या हातापासून.

"त्याचीही ओळ राहणार?" मी विचारलं.

"सगळंच राहणार, काका."

दारावर खालच्या बाजूला भिंगरीचा पंजा उमटलाय, ओल्या रंगात. मी त्यावर ब्रश फिरवला नाही.