झाकणावर लिहिलेली नावं

दचकू नका, मी यीस्ट बोलतोय. पाव फुगवतो तोच. जीव एका पेशीचा, पण तोंड मोठं. अंगाला कोंब फुटतो, तो तुटून वेगळा झाला की झाली लेक. माझ्या अंगावर असे अकरा वण आहेत. बाप म्हणा, आई म्हणा, मीच.

सध्या मुक्काम प्रयोगशाळेतल्या नळीत. इथल्या ताई आम्हाला मारतात आणि किती मेले ते मोजतात. त्याबद्दल त्यांना पदवी मिळणार आहे.

त्याचं असं आहे, माझ्या पोटात एक हुकूम लिहिलेला आहे: फार बिघडलास तर पसारा न करता मर. माणसाच्या पेशींतही असतो. त्या ऐकेनाशा झाल्या की गाठी वाढतात. पण माणसावर प्रयोग केला तर तो ओरडतो. शेजारच्या नळीतल्या माझ्या भावांचा हा हुकूम ताईंनी खोडून टाकलाय. दोघांना सारखंच आम्ल पाजायचं. आम्ही मेलो आणि भाऊ तगले, तर ताईंचं तीन वर्षांचं म्हणणं खरं.

दोन्ही नळ्यांतल्या थोड्यांना काढून पाजलं. दोन बशांत पसरलं. जो जगेल त्याच्या लेकीबाळींचा पांढरा ठिपका. दोन दिवसांनी बघतात तर उलटंच! आमच्या नावाच्या बशीत ठिपकेच ठिपके, भावांच्या बशीत जेमतेम सात.

"मंगळवारी पदवीच्या समितीला हे दाखवणार?" ताईंच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं आणि ते निघून गेले. ताई चष्मा पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता.

तेवढ्यात काचसामान धुणारे मामा आले. "ताई, त्या बशांच्या झाकणांना आतून घाम आलेला. पुसून ठेवली हो मी."

"दोन्ही एकदम काढली होती?"

"मग काय, एकेकीला वेगळी आंघोळ घालू?"

ताईंनी बशा उलट्या करून पाहिल्या. बूड कोरं. नावं झाकणांवर! एवढं शिकून! मी नळीतून सगळं बघत होतो, पण मला विचारतो कोण?

"मामा, तुम्ही ना..." ताई थांबल्या. "नाही, मीच गाढव."

"ते मी कसं म्हणू?" मामा म्हणाले.

झाकणांची अदलाबदल झाली असावी, हा झाला अंदाज. अंदाजावर पदवी मिळत नाही. म्हणून आज पुन्हा पहिल्यापासून. ताईंनी नव्या बशांच्या बुडावर नावं लिहिली आणि माझी नळी उचलली.

आम्ल आंबट आहे, तक्रार नाही. मागणं एकच: तुमच्या घरच्या डब्यांची नावंसुद्धा बुडावर लिहा. जगून दाखवून एक शेवटची खोडी काढावी, असं फार मनात होतं. पण मंगळवारी ताईंची समिती आहे.

मरतो.