कमरेच्या पट्टीतला चोरखिसा

शाळेचे स्कर्ट शिवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. पाटी दुसरीत सुटली, कात्री मात्र अजून गळ्यात आहे. शाळा उघडायच्या आधी भिंगरी, माझी नववीतली नात, मशीनला टेकून लाडात म्हणाली, "आजी, पट्टीच्या आत एक चोरखिसा कर ना. पेन मावेल एवढा."

"पेनाला चोरखिसा कशाला?"

"वर्गात ढापतात गं."

मी असा शिवला की सुनेला बोटं फिरवूनही सापडेना. मग तिच्या मैत्रिणी आल्या. त्यांनाही दिले करून. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

काल शाळेतून फोन आला. सून आणि मी धावत गेलो. भिंगरीची मैत्रीण बुटकी, जी अर्धा वेळ आमच्याच घरी जेवते, ती संडासात कोसळली होती. आतल्या खोलीतून तिच्या ओकाऱ्या ऐकू येत होत्या. भिंगरी आणि बाकीच्या मैत्रिणी भिंतीला लागून उभ्या.

डॉक्टर दारात आले. "हिने व्हेप ओढलंय, ती पेनासारखी विजेची सिगारेट. पण त्यात काय भरलं होतं? ते कळल्याशिवाय औषध कसलं देऊ?"

"या मुलींची दप्तरं, खिसे, सगळं झाडून पाहिलं," हेडबाई म्हणाल्या. "काही मिळेना. ज्या मुलीकडे सापडेल तिला शाळेत ठेवणार नाही."

सुनेने सुस्कारा सोडला. "आमच्या मुलीकडे काही नाही ना? मग आम्ही निघतो."

मला बसवेना, उभं राहवेना. भिंगरीचा हात सारखा कमरेच्या डाव्या बाजूला जात होता. तिथे काय आहे ते तिच्याखेरीज मलाच ठाऊक.

"भिंगरे, पेन दे तुझं."

"कुठलं पेन?"

"ज्याला चोरखिसा लागतो ते."

पोरगी पांढरी पडली. सुनेला कळायचं ते कळलं. तिने माझा दंड दाबला. "आई, गप्प बसा. वर्ष जाईल तिचं."

"वर्ष जाऊ दे. आत ती पोरगी जातेय."

"आजी, घरी देते ना," भिंगरी पुटपुटली.

घरी काय लोणचं घालायचंय त्याचं? मी कात्री काढली. घाईत अस्तराबरोबर पट्टीही आरपार कापली गेली. बोटाएवढी नळी माझ्या तळहातावर पडली. तिच्या अंगाने गरम झालेली, वासाला गोड. डॉक्टरांनी ती उचलली.

हेडबाईंनी कापलेला कपडा उलटून पाहिला. "कोणत्या शिंप्याची ही करामत?"

"माझी," मी म्हटलं. "या भिंतीशी उभ्या आहेत त्यांच्याही पट्ट्या बघा. सगळ्या मीच शिवल्यात."

पोरींनी माना खाली घातल्या. सुनेने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता हिच्या हातचा चहा विसरायचा.

"यात काय होतं?" डॉक्टरांनी भिंगरीला विचारलं.

तिने दोन्ही हातांनी कंबर धरली. स्कर्ट घसरायला लागला तसा मी मागून मुठीत धरला.

"बोल गं," मी म्हटलं. "धरलाय मी."

"दुकानातलं नाही ते," भिंगरी म्हणाली. "बुटकीच्या भावाने बाटलीतून भरून दिलं. बाटली त्याच्याच बॅगेत आहे, दहावीच्या वर्गात. मी एकदाच ओढलं. तिने पुष्कळ."

हेडबाई जिन्याकडे पळाल्या. डॉक्टर नळी घेऊन आत गेले. दार लागलं आणि ओकाऱ्यांचा आवाजही येईना. भिंगरी दाराकडे सरकली, तशी मीही. मूठ सोडली असती तर स्कर्ट खाली आला असता.