जागेश्वरचा आवाज

"अवं, कंबर धर तिची! कंबर! मान काय धरून राहिली!"

साकोलीच्या त्या हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. सर्वांत वरच्या पायरीवर, कारखान्याच्या खाकी पँटवरच आलेला जागेश्वर सेलोकर उभा होता आणि दोन्ही हात हवेत फिरवत ओरडत होता. पंचांनी डोळे वटारले. ते जागेश्वरला दिसलेच नाहीत. त्याला फक्त मॅटवरची रीता दिसत होती. रीताने मान सोडली, खाली घुसली, समोरच्या मुलीची कंबर धरली आणि तिला आडवी केली. शिट्टी वाजली तेव्हा जागेश्वर खाली बसला आणि शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "आमची पोट्टी आहे ते!"

आवाजात त्याचा दोष नव्हता. वरठीच्या पोलादाच्या कारखान्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याला हळू बोलता येत नाही. तिथल्या धडधडाटात शेजारच्याकडे नुसतं पाणी मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. घरी नदीकाठच्या कारध्याला आल्यावरही तोच सूर लागायचा आणि त्याची बायको निर्मलाबाई म्हणायच्या, "हळू बोला जी. मी काय पुलाच्या पल्याड बसली आहे का?"

रीता ज्या कॉलेजकडून खेळायची, त्या भंडाऱ्याच्या कॉलेजशी त्याचं खरं तर काहीच नातं नव्हतं. तो तिथे शिकला नव्हता, आणि त्याची मुलगी मेघा लग्न होऊन केव्हाच तुमसरला गेली होती. एकदा ड्यूटीवरून परतताना कॉलेजच्या खिडकीतून मॅटवर अंगं आपटल्याचा आवाज आला आणि त्याने मोटारसायकल थांबवली, एवढंच. तरुणपणी दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, आमदंगलीत तोही लाल मातीत उतरायचा. जिंकला कमी, पडला जास्त. पण पडणाऱ्याचं कुस्तीचं वेड कमी असतं असं नाही. खेळ शिकवणारे चंद्रकुमार सर त्याला आधी हटकायचे, मग खुर्ची द्यायला लागले. टीमची गाडी जिथे जाईल तिथे तिच्यामागे जागेश्वरची मोटारसायकल असायचीच. मुलं जिंकली की भजी त्याच्याकडून, हरली की चहा.

रीता लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीची. धानाची शेती करणाऱ्या घरातली, खांद्याने रुंद आणि बोलायला अगदी कमी. त्या दिवशी साकोलीला कुस्ती जिंकून ती त्याच्याजवळ पायरीवर येऊन बसली.

"काका, मॅटवर गेली का मले कायबी आयकू येत नाही. सर वरडतेत, पोट्टे वरडतेत, सारा गलबला होते. तुमचा आवाज तेवढा येते."

"येणारच ना. लोखंड कापते तो."

ती हसली, आणि हसता हसताच म्हणाली, "बाबानं शर्त लावली काका. यंदा नागपूरले पहिली आली, विद्यापीठाच्या टीमात गेली, तं पुढं शिकवतो, खेळू देतो. नाही तं लगन. अड्याळचे पाहुणे थांबूनच आहेत."

"अना तू काय म्हणली?"

"मी म्हणलं मंजूर. हरलीच तं मंग कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

जागेश्वरला तिचा तो तडकाफडकी होकार आवडला आणि त्याच क्षणी त्याची भीतीही वाटली. आपण नुसते पाहणारे, असं तो आजवर समजत होता. त्या दिवसापासून त्याला वाटू लागलं की या पोरीच्या कुस्तीत आपलाही वाटा आहे. वाटा असणं किती महागात पडतं, हे तेव्हा त्याला कुठून ठाऊक असणार?

पवनीला ती जिंकली. तुमसरलाही जिंकली. टीममधली मुलं एकेक करून गळत गेली, कोणाचा गुडघा गेला, कोणी पहिल्याच फेरीत हरला. रीता मात्र धानाचं रोप रुजावं तशी रुजत गेली. नागपूरच्या दिवशी जागेश्वरने सुट्टी टाकली. निर्मलाबाई डबा बांधत होत्या आणि तोंडही चालू होतं.

"मेघाच्या पोराच्या बारशाले सुट्टी नाही भेटली. परक्याच्या पोरीसाठी बरी भेटते!"

"परकी नाही वं ते."

"मंग कोण आहे?"

त्याने गाडीची किल्ली उचलली. निर्मलाबाईंनी डबा त्याच्या हातात दिला आणि पुटपुटल्या, "जिंकू दे बाप्पा पोरीले." टोमणे मारत असल्या तरी देवापुढे सकाळीच दिवा लावून बसल्या होत्या त्या.

नागपूरचा हॉल मोठा होता. एकावेळी तीन मॅटवर कुस्त्या चालायच्या, तीन ठिकाणी शिट्ट्या वाजायच्या. रीता अंतिम फेरीपर्यंत आली. समोर वर्ध्याकडची एक उंच मुलगी होती, चपळ, अंगाला हातच लागू देत नव्हती. पहिला अर्धा भाग संपला तेव्हा रीता मागे होती. चंद्रकुमार सर कोपऱ्यात गुडघ्यावर बसून काहीतरी सांगत होते आणि रीता त्यांच्याकडे न पाहता वर पायऱ्यांवर काहीतरी शोधत होती. जागेश्वर उठून उभा राहिला. ती मान हलवून मॅटवर परतली.

"ढाक लाव! आता लाव! तिचा पाय आत येऊ दे!"

पाय आत आला. रीताने हात गुंतवला, वळली, आणि ती उंच मुलगी तिच्या पाठीवरून येऊन मॅटवर आदळली. रीता तिच्यावर पडली. मुलीची पाठ खाली, एक खांदा टेकलेला, दुसरा अजून बोटभर वर, आणि रीता सगळा जोर लावून तो दाबत होती.

जागेश्वरला नियम माहीत नव्हता असं कोणी म्हणू नये. मॅटवर दोन्ही खांदे टेकवून धरावे लागतात, पंच मॅटवर हात मारतो, शिट्टी देतो, तेव्हा कुस्ती संपते. मुलांना हे चंद्रकुमार सरांनी शेकडो वेळा सांगितलेलं त्याने खुर्चीत बसून ऐकलं होतं. पण त्याचं रक्त मातीतलं. मातीत पाठ लागली की चीत. मग हलगी वाजते, लोक आखाड्यात धावतात, जिंकलेल्याला खांद्यावर घेतात. त्याने रीताखाली त्या मुलीची टेकलेली पाठ पाहिली आणि त्याच्या छातीत तीच जुनी हलगी वाजली.

"झाली! चीत झाली! झाली रीता, झाली!"

एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तो आवाज घुमला. आणि रीताने पकड सोडली.

ती गुडघ्यावर उठायला लागली, चेहऱ्यावर हसू येत होतं. पंच अजून वाकलेलाच होता. खालची मुलगी मासोळीसारखी वळली, रीताच्या मागे गेली, तिला उलटी केली आणि खांदे दाबून धरले. पंचाचा हात मॅटवर पडला. शिट्टी वाजली. चंद्रकुमार सर कपाळावर हात मारून तिथेच बसले. रीता पाठीवर पडून छताकडे पाहत राहिली. काय झालं हे तिला समजायलाही वेळ लागला.

जागेश्वर पायऱ्या उतरून तिला शोधत गेला. ती बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. तिने रडावं, शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटलं. शेजारी उकिडवा बसून तो म्हणाला,

"बाजूच्या मॅटवर शिट्टी झाली ना वं तवाच. तुले वाटलं का आपलीच झाली. असं होते गर्दीत..."

खोटं बोलतोय हे त्याला कळत होतं. पोरीला एखादा आधार मिळाला तर मिळू दे, आणि आपल्यालाही.

रीताने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, तेच त्याला सोसवलं नाही.

"शिट्टी तं मी आयकलीच नाही काका. तुमी म्हणलं झाली, मी सोडली."

आठवडाभर जागेश्वर घरात नीट जेवला नाही. मग एक दिवस मोटारसायकल काढून थेट दिघोरी गाठली. अंगणात धानाची मळणी झाली होती, तणसाच्या पेंढ्याचा ढीग पडला होता. रीताचे वडील खुशाल यांनी खाट टाकली, पाणी दिलं. रीताने चहा आणला. डोक्याला तेल लावून वेणी घातलेली रीता त्याने पहिल्यांदाच पाहिली.

"भाऊ, चूक माही आहे," जागेश्वर म्हणाला. "पोरगी हरली नाही. मी हरवलं तिले. ते जिंकलीच होती, अर्ध्या मिनिटाचा खेळ होता. माह्या चुकीची सजा तिले नका देऊ. पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी कुठं? यंदा कॉलेज संपते ना तिचं." खुशाल शांतपणे बोलले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. "मी माहा शब्द पाळला जी. तीन वर्सं खेळू देलं, लोकायचं आयकून घेतलं. आता तिनं तिचा पाळला. मी जबरदस्ती नाही केली. इचारा तिले."

जागेश्वरने रीताकडे पाहिलं.

"मीच हो म्हणलं काका," ती म्हणाली. "शब्द देला होता."

"अवं, पण मी..."

"तुमी नका मनाले लावून घेऊ. तुमी वरडत नसते तं मी नागपूरपावतर गेलीच नसती."

हे ती त्याला बरं वाटावं म्हणून बोलली, हे कोणालाही कळलं असतं. तो गाडीवर बसला आणि गावाबाहेरच्या तळ्याच्या पाळीवर थांबून, कोणी नाही असं पाहून, लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर कारखान्यात लोक विचारू लागले, "काहून गा जागेश्वर, घसा बसला काय?" तो हाताने खुणा करून काम भागवायचा. कॉलेजच्या खिडकीवरून जाताना गाडीचा वेग वाढवायचा. घरी तो इतका हळू बोलू लागला की निर्मलाबाईच म्हणायच्या, "जरा जोरानं बोला ना जी, करमत नाही मले." यात थट्टा नव्हती.

लग्न उन्हाळ्यात होतं. जाणार नाही म्हणत होता, निर्मलाबाईंनी ओढून नेलं. मांडवाच्या एका कडेला बायका बसल्या होत्या आणि मध्ये कासारीण रीताला हिरवा चुडा भरत होती. जागेश्वर पाणी प्यायला उठला आणि तिथे अडकला.

चुडा चढत नव्हता. वर्षानुवर्षं दोर चढून, पकडी घेऊन तिचे पंजे रुंद आणि घट्ट झाले होते. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडायची. एक तडकली, काच टोचली, रक्ताचा ठिपका आला. बायका हसल्या, "बाईचा हात आहे का माणसाचा?" कासारणीने साबणाचं पाणी मागवलं, रीताचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला, बोटं एकमेकांवर चेपून लहान केली आणि दाबू लागली.

जागेश्वरला वाटलं, ओरडावं, सांगावं सगळ्यांना, की मॅटवर हे मनगट कोणाच्या हाती क्षणभरही राहत नव्हतं. तोंड उघडलं, पण आवाज निघालाच नाही.

"ताणून नको धरू वं पोरी," कासारीण म्हणाली. "ढिला सोड हात. सोड."

रीताने हात सोडला. बांगडी हाडावरून सरकून मनगटात गेली. तिने दुसरा हात पुढे केला.