मांडवावरचं बांडगूळ

साकोलीहून बाजार करून आले आणि फाटकातच थबकले. अंगणातल्या जांभळाची पूर्वेकडची फांदी जागेवर नव्हती.

डहाळ्या घेऊन जा, असं सकाळी मीच सांगून गेले होते. शेजारच्या सुखरामभाऊंच्या मुलीचं, हर्षाचं लग्न दुसऱ्या दिवशी. लग्न लॉनवर असलं तरी घरापुढचा हिरवा मांडव जांभळाच्या डहाळ्यांचाच लागतो, आणि त्या तोडायचा मान घरच्या जावयाचा. भाऊंचे थोरले जावई ईश्वर यांनी माझ्या झाडाला हव्या तेवढ्या फांद्या असताना नेमकी माझं ऑर्किड बसलेली फांदी उतरवली.

ऑर्किड म्हणजे हॉटेलातलं नव्हे, रानातलं. चार वर्षांपूर्वी वादळात सानगडीच्या रस्त्यावर मोहाची फांदी मोडून पडली होती, तिच्यावर सापडलं. उभ्या झाडावरचं मी ओरबाडत नाही. पडलेलं मात्र सोडत नाही. जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीनं ते जांभळाला बांधलं. पट्टी कुजेपर्यंत त्याच्या मुळांनी साल घट्ट धरली. पण फूल येईना, आणि फुलाशिवाय नाव कळेना. मोबाइलवरच्या झाडवाल्यांच्या गटात एकानं सीतेची वेणी सांगितली. मी गुलाबी गजऱ्याची स्वप्नं पाहू लागले. या उन्हाळ्यात तुरा निघाला तो गजऱ्यासारखा लोंबायचं सोडून वर उठला. म्हणजे वांडा, ऑर्किडचीच दुसरी जात. पण वांड्यातही इकडे दोन: एक बारक्या पिवळ्या फुलांचा, दुसरा मोठ्या चौकड्यांचा. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या, सहा. आठवड्याभरात उत्तर मिळणार होतं.

पिशवी ओट्यावर टाकून मी शेजारी धावले. फांदी मांडवाच्या कडेला, आडवी बांधलेली. कळ्या शाबूत.

"जावईबापू, या फांदीवर माझं झाड होतं ना!"

"झाड नाही काकू, बांडगूळ! केवढं लागलं होतं! जांभूळ वाळलं असतं तुमचं. म्हणून तीच फांदी काढली."

केवढ्या समाधानानं सांगितलं! त्यातून जावई, त्यातून मांडवात. तोंडातला शब्द सुपारीसारखा गालात दाबला.

"हे बांडगूळ नाही हो. बांडगूळ झाडाचा रस पिते. हे नुसतं बसते झाडावर. पाणी पावसाचं, हवेतलं."

चार वर्षं कुंपणावरून हाच वाद घालणारे सुखरामभाऊ खुर्च्या मोजता मोजता म्हणाले, "नुसतं बसाले ते का व्याही हाये?"

सगळा मांडव हसला. मी हर्षाच्या आईकडे, गोदावरीबाईंकडे वळले. "बाई, एवढी फांदी मले काढून द्या. बदल्यात दहा आणून देतो."

"आता नाही जमत व, सुलोचना. पूजा झाली, हळदकुंकू वाहलं. पाचव्या दिवसापर्यंत मांडवाची काडी हलत नाही. पोरीच्या संसाराचं आहे."

समोर हळदीनं माखलेली पोर उभी. वाद कोण घालणार?

"पाणी तर मारू द्या."

"मार बाप्पा. पाहुण्याईले गारवा."

मे महिना, पंचेचाळीस डिग्री, आणि मी सकाळ-संध्याकाळ स्टुलावर चढून फवाऱ्याच्या बाटलीनं मांडवाला अंघोळ घालतेय. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले. त्याला वाटलं, हाही विधीच आहे. मी मान डोलावली. लग्नाच्या दिवशी दोन कळ्या गळल्या. तिसऱ्या दिवशी आणखी एक. मी त्या रुमालात गुंडाळून घरी आणल्या, आणि जेवले नाही. आमचे हे म्हणाले, "लग्नात एवढी तर हर्षाची आईही रडली नाही."

चौथ्या दिवशी सकाळी सुखरामभाऊंनीच हाक मारली. "सुलोचनाबाई, इकडे या जरा."

मांडवाची पानं वाळून करकर वाजत होती. हात लावला की चुरा. त्या सगळ्या तपकिरी पसाऱ्यात माझी ती पट्ट्यासारखी पानं मात्र हिरवीगार, आणि तुऱ्यावर एक फूल उघडलेलं. रुपयापेक्षा मोठं. पिवळसर, त्यावर तपकिरी चौकड्या, खाली निळसर जांभळी जीभ. चौकड्यांचा वांडा! मी स्टुलावर चढून नाक लावलं. गोड वास होता. गुलाबी गजरा मनातून तिथेच निघून गेला.

"फांदी मेली," सुखरामभाऊ म्हणाले, "अन् हे जित्तं काहून?"

"बांडगूळ असतं तर फांदीसंगं वाळलं असतं, भाऊ."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं फक्त.

दुपारपर्यंत अर्धं गाव फूल पाहून गेलं. ईश्वर जावई स्टुलाशेजारी उभे राहून येईल त्याला सांगत होते, "म्यानंच निवडून आणली ना ही फांदी." मी आपली फवारा मारत राहिले.

पाचव्या दिवशी मांडव उतरवला, तेव्हा सगळ्यांत आधी सुखरामभाऊंनी ती फांदी आणून दिली, दोन्ही हातांवर आडवी धरून. जांभळावर कुठे बांधायची ते विचारलं, शिडी धरली. मी सुती पट्टी आवळत होते, तेव्हा खालून म्हणाले,

"आमच्या शेतातल्या मोहावर असलीच तीन आहेत. दरसाल मी कुऱ्हाडीनं साफ करतो."

माझा हात थांबला. "यंदा केली?"

"लग्नाच्या धावपळीत राहून गेलं." शिडी धरूनच त्यांनी वर पाहिलं. "यंदा तुऱ्यासारखं काहीतरी निघून राहिलंय त्यातल्या एकाले. कोणतं हाये, पाहता का येऊन?"

मी शिडीवरून उतरले ती चप्पल न शोधताच फाटकाकडे निघाले. सुखरामभाऊंनी मोटारसायकल काढली.