धगी वेशीतून आत गेली

खेळ सांगायला बसला की चिरागला कोण मस्ती चढायची! अख्खं बेला गाव जसं याच्याच नावावर. फाशांवर चालणारा कल्पनेचा खेळ तो. चिरागनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र चालवायचं, आणि पात्र एकदा मेलं की कायमचं गेलं.

रश्मीचं पात्र होतं धगी. दिसायला बाईमाणूस, पण राहायची आगीत. केसांच्या जागी जाळ. वर्षभर रश्मीनं तिला जिवापाड जपलं होतं. आज त्याच धगीनं बर्फाचा राक्षस मारून किल्ला वाचवला, आणि राजानं मेजवानी मांडली.

"धगी आत जाते," रश्मी म्हणाली.

"नाई. आगवाले वेशीबाहेर राह्यतात. तिचं ताट बाहेर पाठवतो."

"काऊन?"

"ते आत आले की विहिरीचं पाणी बिघडते. नियम हाये."

रश्मीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिची आजी सखूबाई लहानपणी विहिरीपासून लांब घागर घेऊन ताटकळायची, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून.

"हा नियम कुठून आणला बे?"

"कुठून म्हणजे? मनानं बनवला!" आणि खरंच, मेल्याला तसंच वाटत होतं.

"खेळ हाये न, किती तापून राह्यली," चिरागची बहीण यामिनी म्हणाली. चौथा गडी करण चिवडा खात राहिला.

"जबरदस्ती केली त पहारेकरी बाण मारतील," चिरागनं दम दिला. "पाच नाईतर सहा पडले तरच वाचते. मरल धगी, सांगून ठेवतो."

मरू दे! वेशीबाहेर ताट मांडून घेण्यापेक्षा मेलेली बरी. रश्मीनं फासा दाणकन टाकला.

दोन पडले.

"मेली!" चिराग हसला. "बाण खात आत आली न राजाच्या ताटाशेजारीच पडली. चला, मेजवानी सुरू."

रश्मी जागची हलली नाही. "सुरू कशी? प्रेत पडलं न मधात. उचलते कोण?"

"नोकर उचलतील."

"अजून पेटून हाये ते. हात लावला की कोळसा. आगवाल्यांशिवाय कोणाले नाई उचलत."

चिराग गडबडला. "मग त्यांना बोलावतो. एवढ्यापुरतं येतील आत."

"एवढ्यापुरतं! आमच्या मोतीराम आज्यालेबी असंच बोलावत होते, मेलं ढोर ओढायले." रश्मी उठली, चपला घातल्या. "आगवाले येत नाईत. जेवा आता तिच्याजवळ बसून."