राहून गेलेली रेघ

मी एक जुनी सागवानी फळी आहे, मित्रांनो. फळीला कसली आलीय कहाणी, असं म्हणून तुम्ही नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. मुरडा. माझी निम्मी हयात इंदूरच्या एका कापड मिलमध्ये, हजेरीच्या खिडकीत गेली. परदेशीपुऱ्यातले कामगार माझ्यावर कोपर टेकून हजेरी लावायचे. मग मिलला टाळं लागलं, यंत्रं भंगारात गेली आणि मी गेटबाहेरच्या ढिगात येऊन पडले.

तिथून मला अच्युत मास्तरांनी उचललं. ते शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि घरी लाकूड कोरून त्यावरून चित्रं छापायचे. त्यांची माणसं वेडीवाकडी, हात फावड्याएवढे, डोळे खोबणीतून बाहेर आलेले. मास्तरांना माणूस नीट काढता येत नाही, असं शेजारी तोंडावर म्हणत. त्यांना गणपती हवे होते, मोर हवे होते. मास्तर म्हणत, मिल बंद पडल्यावर माणूस जसा दिसतो तसाच मी काढतो.

माझ्यावर त्यांनी हरीचा चेहरा कोरला. हरी मिलमधला विणकर. गेट बंद झालं आणि दोन वर्षांत खंगून गेला बिचारा. त्याचा एकच फोटो होता, मिलच्या पासावरचा, आणि तो पास गेटवरच जमा झालेला. मास्तरांनी आठवणीतून कोरला. छिन्नी लागली तेव्हा मी कळवळले, खोटं कशाला बोलू? पण पहिला छाप हरीच्या बायकोच्या, गंगूबाईच्या हातात दिला. वाकडं तोंड, फाटलेले डोळे, तरी तिनं क्षणात ओळखलं.

या कामाचा एक नेम असतो. ठरलेले छाप काढून झाले की लाकडावर आडवी खोल रेघ मारायची, म्हणजे पुन्हा कुणाला छापता येत नाही. दहा छाप झाले. मास्तरांनी छिन्नी उचलली, तर गंगूबाईनं त्यांचा हातच धरला.

"सरजी, एकदा गेले ना ते. आता तुमच्या हातानं परत नका मारू. रहने दो ना."

मास्तरांनी छिन्नी खाली ठेवली. तुमचा छाप खराब झाला तर दुसरा काढून देईन, असा शब्दही दिला. मला कोण आनंद झाला! मूर्ख होते मी.

मास्तर गेले तेव्हा त्यांच्या चित्रांना कुणी विचारत नव्हतं. त्यांच्या मुलानं, नीरजनं, मला राजेंद्र नगरच्या घरी कूलरखाली टेकू म्हणून सरकवलं. पुढे कुण्या दिल्लीवाल्यानं मास्तरांची चित्रं पाहिली, पेपरात लेख आले, आणि तेच शेजारी 'आमचे मास्तर, आमचे मास्तर' करू लागले. नीरजनं मला पुसलं, लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये नेलं आणि जड यंत्राखाली घातलं. दहाचे शेकडो झाले. प्रत्येकावर पेन्सिलीनं बापाची सही करायचा, स्वतःच्या हातानं. माझ्या रेषा चेपल्या, हरीचा ओठ तुटला, एक डोळा शाईनं बुजला.

एके दिवशी गंगूबाई आली. पार वाकली होती. गळक्या छपराखाली तिचा छाप सडून गेला होता. नीरजनं तिला बसवलं, चहा दिला, ताजा छापही दिला. ती तो खिडकीपाशी धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

"नीरजभिया, हे कोण आहे?"

"काकू, हरीकाकाच तर आहेत."

तिनं छाप बाजूला ठेवला आणि मला मागून घेतलं. बुजलेल्या डोळ्यावरून बोट फिरवलं.

"सरजींचा हात मीच धरला होता," ती म्हणाली. "तेव्हाच मारू द्यायला हवी होती रेघ."

आता मार, म्हणून तिनं नीरजला विनवलं. तो हसला. एका हॉटेलची ऑर्डर होती म्हणे, खोलीगणिक एक छाप. ती छाप न घेताच निघून गेली.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी हात जोडतो, की आम्हाला सांभाळा. मी नाही जोडणार. मला नको तितकं सांभाळलंय. तुमच्यापैकी कुणी छिन्नी धरायला शिकलात तर या आणि माझ्यावर ती रेघ मारा. खोल मारा. हॉटेलच्या खोल्याखोल्यांत हरी म्हणून जो टांगलाय, त्याला गंगूबाई ओळखत नाही.